आवरण न उलगडता पाहिलेली ममी

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात ब्रिटिश म्युझियमचे ममी-प्रदर्शन भरले होते. प्रदर्शनाच्या केंद्रस्थानी होता नेसपेरेनुब, इसवी सनापूर्वी सुमारे ८०० मध्ये इजिप्तमधील कर्नाकच्या मंदिरात चंद्रदेव खोन्सूची सेवा करणारा पुजारी.

ममी तयार करताना इजिप्तमध्ये मृतदेहातील बहुतेक आतील अवयव काढून तो नेट्रॉन या नैसर्गिक क्षारात वाळवत. पाणी निघून गेले की कुजवणाऱ्या जिवाणूंची वाढ थांबते. मग राळ लावून तागाच्या पट्ट्या गुंडाळत.

नेसपेरेनुबच्या पट्ट्या कधीच सोडल्या गेल्या नाहीत. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनने त्याचे आडवे छेद टिपले आणि संगणकाने ते जोडून त्रिमितीय शरीर उभे केले. क्ष-किरण दाट हाडात जास्त आणि कापडात कमी शोषले जातात, म्हणून थर वेगळे ओळखता येतात. कृत्रिम डोळे दिसले, ताईत दिसले. सर्वांत विलक्षण म्हणजे डोक्याला चिकटलेले मातीचे एक भांडे! ओघळणारी राळ झेलायला ते ठेवले असावे आणि राळ घट्ट झाल्यावर निघाले नसावे, असे संशोधक मानतात. सोन्याच्या मुखवट्यांपेक्षा कारागिरांची ही चूक मुलांना आवर्जून दाखवावी, इतकी ती जिवंत आहे.

मुंबईतले ते प्रदर्शन संपले, पण बडोद्याच्या संग्रहालयात एक ममी आहे. ती महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे आली.