ब्रुनो शुल्झ नेमका कोणत्या देशाचा?

मे २००१ मध्ये पश्चिम युक्रेनमधील द्रोहोबिच या गावी जेरुसलेमहून काही माणसे आली. तेथील एका जुन्या बंगल्यात, धान्याची कोठी म्हणून वापरल्या जाणाऱ्या लहानशा खोलीत त्यांनी भिंतींवरील चित्रांचे काही भाग गिलाव्यासकट अलगद सोडवले आणि ते इस्रायलला नेले. ही माणसे नाझी वंशसंहाराच्या स्मृती जपणाऱ्या 'याद वाशेम' या संस्थेने पाठवली होती. चित्रे होती ब्रुनो शुल्झ या लेखक-चित्रकाराची. त्याच वर्षी फेब्रुवारीत बेन्यामिन गाइस्लर या जर्मन माहितीपटकाराने ती रंगाच्या थरांखालून शोधून काढली होती.

चित्रे गेल्याचे कळताच गदारोळ उडाला. युक्रेनचे म्हणणे असे की, आमच्या भूमीवरील सांस्कृतिक ठेवा आमच्या कायद्याला न जुमानता देशाबाहेर गेला. पोलंडमधील साहित्यिक संतापले, कारण शुल्झ हा विसाव्या शतकातील पोलिश गद्याचा मानबिंदू. याद वाशेमने उत्तर दिले की, स्थानिक नगरपालिकेची संमती होती. शिवाय शुल्झ हा ज्यू होता, ज्यू म्हणूनच मारला गेला, तेव्हा त्याच्या या अखेरच्या चित्रांवर आमचा नैतिक हक्क आहे. वरवर पाहता हा भांडणाचा विषय म्हणजे भिंतीचे चार-पाच तुकडे. प्रत्यक्षात वाद होता तो शुल्झच्या नावाआधी लावायच्या विशेषणाचा. पोलिश लेखक, ज्यू लेखक, पोलिश-ज्यू लेखक की युक्रेनमधील लेखक? कोशकारांना, अनुवादकांना, ग्रंथपालांना आणि वृत्तपत्रांच्या उपसंपादकांना हा प्रश्न नेहमी पडतो आणि बहुधा तो घाईघाईत सोडवला जातो.

शुल्झचा जन्म १२ जुलै १८९२ रोजी द्रोहोबिचमध्ये झाला. वडिलांचे कापडाचे दुकान होते. वास्तुशास्त्राचे अपुरे राहिलेले शिक्षण आणि व्हिएन्नातील थोडा काळ सोडला, तर या माणसाने आपले गाव फारसे सोडलेच नाही. तेथल्याच शाळेत तो चित्रकला शिकवी. कथांची त्याची पुस्तके दोनच. 'दालचिनी रंगाची दुकाने' हे १९३३ च्या अखेरीस आले आणि 'वाळूच्या घड्याळाचे आरोग्यधाम' असे ज्याचे नाव मराठीत सांगता येईल ते १९३७ मध्ये. एवढ्या लहानशा संसारावर त्याची कीर्ती उभी आहे. 'मेसाया' या त्याच्या कादंबरीचे हस्तलिखित युद्धात नाहीसे झाले. ते आजतागायत सापडलेले नाही.

गाव न सोडणाऱ्या या माणसाचे देश मात्र सारखे बदलत गेले. जन्मला तेव्हा द्रोहोबिच ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील गॅलिशिया प्रांतात होते. पहिले महायुद्ध संपताच काही महिने तेथे पश्चिम युक्रेनी प्रजासत्ताकाचा अंमल आला. १९१९ पासून पोलंड. सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत लाल सेना आली आणि त्या नोव्हेंबरातील फर्मानाने तेथील रहिवासी सोव्हिएत नागरिक ठरले. चित्रकलेच्या मास्तरांना स्टालिनची भव्य चित्रे रंगवावी लागली. जुलै १९४१ मध्ये जर्मन आले. युद्धानंतर गाव सोव्हिएत युक्रेनमध्ये गेले आणि १९९१ पासून ते स्वतंत्र युक्रेनमध्ये आहे. तेव्हा 'देश' या रकान्यात आजचा नकाशा पाहून 'युक्रेन' लिहिणे सोपे असले तरी शुल्झ हयात असताना आजच्या युक्रेनचे राज्य अस्तित्वातच नव्हते. आणि जन्माच्या वेळचे राज्य पाहून त्याला 'ऑस्ट्रियन' म्हणावे, तर ते कोणाच्याच पचनी पडणार नाही.

येथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. आपल्याकडे नागरिकत्व आणि राष्ट्रीयत्व हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. पूर्व युरोपात तसे नाही. तेथे नागरिकत्व हे राज्याशी असलेले कायदेशीर नाते, तर राष्ट्रीयत्व म्हणजे माणूस कोणत्या जनसमूहाचा, हे. सोव्हिएत संघात १९३२ पासून सुरू झालेल्या अंतर्गत पासपोर्टवर राष्ट्रीयत्वाचा स्वतंत्र रकाना असे आणि त्यात रशियन, युक्रेनी, जॉर्जियन यांच्याप्रमाणेच 'ज्यू' अशीही नोंद होई. नागरिक सोव्हिएत, राष्ट्रीयत्व ज्यू. धर्म मानत असो वा नसो. पोलंडच्या १९२१ च्या जनगणनेने राष्ट्रीयत्व विचारले, तेव्हा धर्माने ज्यू असलेल्या काहींनी 'ज्यू' लिहिले, तर काहींनी 'पोलिश'. १९३१ च्या जनगणनेने तो प्रश्नच गाळला. मातृभाषा आणि धर्म तेवढे विचारले. त्याआधीच्या ऑस्ट्रियन राजवटीने व्यवहाराची भाषा विचारली होती, पण मान्य भाषांच्या यादीत यिडिश नव्हतीच. त्यामुळे गॅलिशियातील यिडिश बोलणारे असंख्य ज्यू कागदावर पोलिशभाषक होऊन बसले. थोडक्यात, कागदोपत्री ओळख ही बरेचदा माणसाविषयी कमी आणि प्रश्न विचारणाऱ्या सरकारविषयीच अधिक सांगते.

मग शुल्झने स्वतः काय निवडले? भाषा पोलिश निवडली. जर्मन त्याला उत्तम येत होती. एक दीर्घकथा त्याने त्या भाषेत लिहून टॉमस मानला पाठवलीही होती. पण त्याचे जवळजवळ सारे लेखन पोलिशमध्ये आहे, आणि ती पोलिश अशी की तिच्या वळणांवरून तो एका वाक्यात ओळखू यावा. धर्माबाबतचा तपशील अधिक बोलका आहे. युझेफिना शेलिन्स्का ही त्याची वाग्दत्त वधू ज्यू वंशाची, परंतु तिच्या घराण्याने कॅथलिक धर्म स्वीकारलेला. जुन्या ऑस्ट्रियन कायद्यानुसार त्या भागात ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती यांचा विवाह होऊ शकत नसे. तेव्हा १९३६ मध्ये शुल्झने ज्यू समाजसंस्थेतून रीतसर नाव काढून घेतले. पण ख्रिस्ती व्हायलाही तो तयार झाला नाही. 'निधर्मी' एवढीच नोंद त्याने स्वीकारली. लग्न अखेर झालेच नाही.

या एका नोंदीवरून काहींनी निष्कर्ष काढला की, शुल्झने ज्यूपण झटकून टाकले होते, म्हणून त्याला निव्वळ 'पोलिश' म्हणावे. हा निष्कर्ष मला उतावळा वाटतो. लग्नासाठी एक अर्ज भरणे वेगळे आणि बापाचे दुकान, सणवार, जुन्या करारातील प्रतिमा यांनी भरलेले आपले कल्पनाविश्व त्यागणे वेगळे. शुल्झच्या कथांतील वडील हे एकाच वेळी कापडविक्रेते आणि प्रेषित आहेत. त्यांना केवळ पोलिश मध्यमवर्गीय म्हणून वाचता येईल, पण मग हाती फारच थोडे लागेल.

दुसरीकडे, तेव्हाचे पोलंड त्याला कितपत आपला मानत होते? १९३८ मध्ये पोलिश साहित्य अकादमीने त्याला 'सुवर्ण लॉरेल' हा सन्मान दिला. पण त्याच्या आदल्याच वर्षापासून पोलिश विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांना वेगळ्या बाकांवर बसवण्याची पद्धत अधिकृत झाली होती. यूलिआन तुविम हा त्या काळचा अत्यंत लोकप्रिय पोलिश कवी. तो ज्यू असल्याने त्याची भाषा अस्सल पोलिश नव्हेच, असे राष्ट्रवादी टीकाकार बिनदिक्कत लिहीत. तुविमने १९४४ मध्ये परदेशातून 'आम्ही पोलिश ज्यू' हा लेख लिहिला. मी पोलिश आहे, कारण ती माझी भाषा आणि तसे असणे मला आवडते. आणि ज्यू आहे तो सांडलेल्या रक्ताच्या नात्याने, अशी त्याची भूमिका होती. ज्यांनी या लेखकांना जिवंतपणी 'पोलिश' हे विशेषण नाकारले, त्यांच्याच परंपरेने ते मरणोत्तर बहाल करताना 'ज्यू' हा शब्द मात्र गाळावा, यात न्याय नाही.

आता त्या चित्रांकडे येऊ. जर्मनांनी द्रोहोबिच घेतल्यावर फेलिक्स लांडाऊ हा व्हिएन्नाचा गेस्टापो अधिकारी तेथे आला. ज्यू मजुरांवर त्याची हुकमत होती. त्याचे आडनाव खुद्द सावत्र बापाचे आणि तो सावत्र बाप ज्यू. नियतीची थट्टा म्हणतात ती अशी. लांडाऊने शुल्झला 'उपयुक्त ज्यू' म्हणून आपल्या आश्रयाला ठेवले. मोबदला म्हणून शुल्झने त्याच्या मुलांच्या खोलीच्या भिंतींवर परीकथांतील प्रसंग रंगवायचे: बुटके, राजकन्या, घोडागाडी. गाडीवानाच्या चेहऱ्यात चित्रकाराने स्वतःला रंगवले असावे, असे अभ्यासकांना वाटते. रंग वाळेपर्यंत जीव सुरक्षित, असा तो करार होता. १९ नोव्हेंबर १९४२ रोजी गावात ज्यूंची सरसकट कत्तल सुरू असताना कार्ल ग्युंथर या दुसऱ्या गेस्टापोवाल्याने शुल्झला रस्त्यात गोळी घातली. लांडाऊने ग्युंथरच्या आश्रयाचा एक ज्यू मारला होता, त्याचा हा सूड, असे गावातून वाचलेल्यांनी नंतर सांगितले. शुल्झचे दफन नेमके कोठे झाले, हे कोणालाही ठाऊक नाही.

ग्युंथरने शुल्झची पुस्तके वाचलेली नव्हती, समाजसंस्थेच्या दप्तरातून त्याने नाव काढल्याचीही चौकशी केली नव्हती. नाझी कायद्याला आजी-आजोबांचा धर्म पुरेसा होता. याद वाशेमचा दावा या वस्तुस्थितीवर उभा आहे आणि त्याचे वजन कमी लेखता येत नाही. मात्र त्यात एक अडचण दडलेली आहे. माणूस कोण, हे त्याच्या मारेकऱ्याच्या यादीवरून ठरवले तर मारेकऱ्याची व्याख्याच आपण कायम करतो. 'ज्यू' हे शुल्झचे पूर्ण वर्णन नव्हे. ते पूर्ण वर्णन आहे, असे नाझींनी ठरवले होते.

ॲन फ्रँकच्या बाबतीत हाच पेच निराळ्या रूपात दिसतो. तिचा जन्म १९२९ मध्ये फ्रँकफुर्टचा, म्हणजे ती जर्मन नागरिक. कुटुंब ॲमस्टरडॅमला आले. नोव्हेंबर १९४१ मधील नाझी फर्मानाने देशाबाहेर राहणाऱ्या जर्मन ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले आणि ती कोणत्याच देशाची उरली नाही. दैनंदिनी तिने डच भाषेत लिहिली आणि युद्धानंतर डच होण्याची आस त्यातच बोलून दाखवली. २००४ मध्ये हॉलंडमधील एका दूरचित्रवाणी वाहिनीने 'सर्वश्रेष्ठ डच व्यक्ती' निवडण्याचा कार्यक्रम केला, तेव्हा तिला मरणोत्तर नागरिकत्व द्यावे, अशी मागणी पुढे आली. डच कायद्यात तशी सोय नव्हती. जिला अखेरच्या काळात कोणत्याच देशाने नागरिक मानले नाही तिच्यावर जगातील अनेक वाचनालयांत 'डच' किंवा 'जर्मन' अशी चिठ्ठी लागते. 'राज्यविहीन' हा तिच्या आयुष्यातील खरा शब्द क्वचितच दिसतो.

विशेषण गाळल्याने काय होते, याचाही दाखला आहे. कीव्हजवळच्या बाबी यार येथे सप्टेंबर १९४१ मध्ये दोन दिवसांत ३३ हजारांहून अधिक ज्यू मारले गेले. सोव्हिएत सरकारने १९७६ मध्ये तेथे स्मारक उभारले, पण त्यावर 'ज्यू' हा शब्द नव्हता. सोव्हिएत नागरिक आणि युद्धकैदी यांचे ते स्मारक होते. शब्दशः पाहिले तर यात काही खोटे नाही. फक्त त्या माणसांना का मारले, एवढेच नाहीसे झाले.

मराठी वाचकाला हा सारा घोळ काहीसा परका वाटेल. त्याचे कारण आपल्या घराजवळ आहे. कोकणातील बेने इस्रायली घरात मराठी बोलत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. धर्म ज्यू, भाषा मराठी, देश भारत. या तीन गोष्टींचे भांडण त्यांना कधी लावावे लागले नाही. त्याच समाजातील निस्सीम इझिकेल यांना आपण भारतीय इंग्रजी कवी म्हणतो आणि त्यांचे ज्यू असणे चरित्रात सहजपणे येते. तेथे ते सहज येते, कारण त्या शब्दापायी येथे बेने इस्रायली समाजाचा संहार झाला नाही. द्रोहोबिचमध्ये तो सहजपणा शिल्लक नाही, म्हणून तेथे शब्द तोलून वापरावे लागतात.

चित्रांचा वाद २००८ मध्ये करार होऊन मिटला. चित्रांची मालकी युक्रेनची, पण वीस वर्षांच्या मुदतीने ती याद वाशेमकडे ठेवायची, असे ठरले. २००९ मध्ये ती जेरुसलेममध्ये प्रदर्शित झाली. भिंतीवर उरलेले भाग द्रोहोबिचच्या संग्रहालयाकडे गेले. त्या गावात २००४ पासून दर दोन वर्षांनी शुल्झ महोत्सव भरू लागला आणि युरी आंद्रुखोविच या युक्रेनी लेखकाने त्याच्या कथांचा केलेला अनुवाद २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपला म्हणवण्याचा हा मार्ग मला भिंत कापून नेण्यापेक्षा अधिक सभ्य वाटतो.

उपसंपादकाच्या टेबलावरचा प्रश्न मात्र करारांनी सुटत नाही. एका ओळीत काहीतरी लिहावेच लागते. माझ्या मते प्रत्येक विशेषणाने एका निश्चित प्रश्नाचे उत्तर द्यावे. लेखक म्हटले की पहिला प्रश्न भाषेचा, म्हणून 'पोलिश भाषेतील'. कोणत्या समाजातून आला आणि कशापायी मारला गेला, या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर आहे, म्हणून 'ज्यू'. आणि हा शब्द कंसात किंवा शेवटच्या परिच्छेदात नको, पहिल्याच ओळीत हवा. जोडरेघेचे 'पोलिश-ज्यू' चालेल, पण त्यातून दोन अर्धवट माणसे जोडल्याचा भास होतो. गावाचे नाव लिहावेच, कारण तेवढी एकच गोष्ट बदलली नाही. राज्याचे नाव त्या त्या वर्षापुरते. आणि मृत्यूच्या रकान्यात नुसते 'मृत्यू' लिहून भागणार नाही. पन्नास वर्षांचा चित्रकलेचा शिक्षक तापाने गेला असावा, असे त्यावरून कोणालाही वाटेल.

तेव्हा नोंद अशी व्हावी: ब्रुनो शुल्झ, पोलिश भाषेतील ज्यू कथाकार व चित्रकार. जन्म १८९२, द्रोहोबिच, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी. १९४२ मध्ये जर्मनव्याप्त द्रोहोबिचमध्येच गेस्टापो अधिकाऱ्याकडून हत्या. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे.