उडता बेडूक

बेडूक म्हटला कीं डबक्याच्या कांठीं बसून डरांव डरांव करणारा मातकट प्राणी आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु आपल्याच महाराष्ट्रांत, सह्याद्रीच्या दाट रानांत, झाडांवर राहणारा व हवेंतून तरंगत जाणारा एक बेडूक आहे. त्यास मलबारी उडता बेडूक असें म्हणतात. मद्रासच्या सैन्यांत वैद्य असलेल्या टॉमस जर्डन ह्या प्राणिशास्त्रज्ञानें १८७० सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें.

हा बेडूक सुमारें १० सेंटिमीटर लांब असतो. पाठ हिरवीगार, पोट पिवळसर व बोटांमधील पडदे तांबूस नारिंगी. उडी घेतांना तो चारही पाय पसरून हे पडदे ताणतो. त्यांखालीं हवा अडते, पडण्याचा वेग मंदावतो आणि तो ९ ते १२ मीटर दूर जाऊन उतरतो. पक्ष्याप्रमाणें त्यास वर चढतां येत नाहीं. तेव्हां हें उडणें नसून तरंगत उतरणें होय.

पश्चिम घाटावांचून जगांत अन्यत्र हा कोठेंही आढळत नाहीं. महाराष्ट्रांत सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आंबोलीचें रान त्याविषयीं प्रसिद्ध आहे. तेथून दक्षिणेस गोवा, कर्नाटक व केरळपर्यंत त्याची वस्ती आहे. आपल्या संभाजीनगरास तो कां नाहीं? आपल्याकडे वर्षाकांठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर आंबोलीस त्याच्या जवळजवळ दसपट! बेडकाची त्वचा ओली राहिली पाहिजे, कारण तो त्वचेनेंही श्वास घेतो.

त्याच्या घरट्याची रचना तर फारच नवलाची आहे. पावसाळ्यांत मादी पाण्यावर ओणवलेल्या फांदीवर येते, अंगांतून निघणारा द्रव मागच्या पायांनीं घुसळून फेंस करते व त्यांत अंडीं घालते. फेंसामुळें अंडीं सुकत नाहींत. कांहीं दिवसांनीं त्यांतून बाहेर पडलेलीं पिलें टपटप खालच्या पाण्यांत पडतात. आतां विचार करा: ती फांदी तोडली, अगर तें डबकें बुजविलें, तर पिलांनीं पडावें कोठें? बेडकास कोणी हातही लावला नाहीं, तरी त्याचा वंश तेथें खुंटेल.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादींत हा बेडूक सध्यां संकटग्रस्त गणलेला नाहीं, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तेवढ्यावरून निश्चिंत राहणें बरें नव्हे. रानें तुटून त्यांचे तुकडे होत आहेत, आणि पावसाळी रात्रीं रस्ता ओलांडतांना पुष्कळ बेडूक वाहनांखालीं चिरडले जातात.

बालमित्रहो, आंबोलीस गेलांत तर बेडूक दुरून पाहा, हातीं धरूं नका, झऱ्यांत कचरा टाकूं नका. आणि घरीं परतल्यावर आपल्या गांवचें तळें, ओढा व त्यांच्या कांठचीं झाडें ह्यांजकडेही त्याच दृष्टीनें पाहा. परमेश्वरानें झाड, पाणी व प्राणी हीं एकमेकांस जोडून दिलीं आहेत. त्यांतील एक राखावयाचें तर तिन्हीं राखलीं पाहिजेत.