चेंडूआधी जागा

व्हिडिओ गेम म्हटलं, की पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मी पेणचा, भाचा रोह्याचा. सुट्टीत तो आला, की आम्ही टीव्हीसमोर बसून टेनिसचा गेम खेळतो. आपल्या भागात कबड्डी आणि क्रिकेट दारातच भेटतं. टेनिसची रॅकेट मात्र थोड्यांच्याच हाती येते. त्यामुळे अनेक मुलांची टेनिसशी पहिली ओळख पडद्यावरच होते. ती ओळख नुसती बटणं बडवण्यापुरती राहू नये, म्हणून हे चार शब्द.

पडद्यावरचं टेनिस काही आजचं नाही. 1958 मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम यांनी ऑसिलोस्कोपवर असा खेळ दाखवला होता. त्यात खेळाडू दिसतच नव्हते. फटक्याचा कोन आणि वेळ एवढंच हाती होतं. 1972 मध्ये ‘पाँग’ आला. त्यात फळी वर-खाली सरकवायची. म्हणजे योग्य जागी पोहोचणं, हाच खेळ! आजच्या गेममध्ये खेळाडू हुबेहूब दिसतात, पण मर्म तेच आहे. हरलेलं मूल म्हणतं, ‘माझी बोटं कमी पडली.’ बहुतेक वेळा बोटं नव्हे, जागा चुकलेली असते.

कबड्डी पाहणाऱ्याला हे लगेच कळेल. चढाई करणारा एका कोपऱ्याकडे वळला, की पकड करणारे आधी आपली जागा धरतात, मग हात घालतात. टेनिसमध्येही तसंच.

आता थोडं गणित. एकेरीचं कोर्ट 78 फूट लांब आणि 27 फूट रुंद असतं. फटका मारल्यावर बरोबर मधोमध येऊन उभं राहायचं, असं नवख्याला वाटतं. पण समजा, प्रतिस्पर्धी पलीकडे माझ्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात आहे. तो सरळ मारेल किंवा तिरपा मारेल. तिरपा चेंडू माझ्या उजव्या बाजूने कोर्टाबाहेर पळत जातो, म्हणून मी मध्यापासून दोन-चार पावलं उजवीकडे उभं राहायला हवं. दोन्ही टोकांच्या फटक्यांमधला कोन जिथे दुभागतो, ती आपली जागा.

यावरून तिरप्या फटक्याचं महत्त्व कळतं. उजव्या कोपऱ्यातून मी तिरपा मारला, तर माझी पुढची जागाही उजवीकडेच, जवळच असते. सरळ मारला, तर मला मध्य ओलांडून डावीकडे धावावं लागतं. शिवाय जाळी खांबांपाशी साडेतीन फूट उंच, तर मध्यभागी तीनच फूट असते. आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात चेंडूला साडेचार फूट जास्त लांबी मिळते. म्हणून अडचणीत तिरपा मारावा आणि सरळ फटका मोकळी जागा दिसेल तेव्हासाठी राखून ठेवावा.

जाळीजवळ गेलात की नियम उलटतो. तिथे चेंडू ज्या बाजूला गेला, त्याच बाजूला किंचित सरकायचं, कारण आता सरळ फटक्याची वाट अडवायची असते. मागची रेषा आणि सर्व्हिसची रेषा यांच्यामधल्या 18 फुटांत मात्र रेंगाळू नये. तिथे चेंडू थेट पायांशी पडतो.

आणखी दोन गोष्टी. अनेक गेममध्ये बटण आधीपासून दाबून धरलं, तर फटका जोरकस बसतो. त्यासाठी चेंडूच्या आधी जागेवर पोहोचावं लागतं. आणि जागेवर परतायला वेळ नसेल, तर उंच, खोल चेंडू टाकावा. तो हवेत असतो, तेवढा वेळ आपला.

सराव साधा आहे. पंधरा मिनिटं गुण जिंकायचा विचार सोडून फक्त तिरपे फटके मारा. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागते त्या क्षणी आपला खेळाडू जागेवर थांबलेला होता का, एवढंच मोजा. धावत असेल, तर उलट दिशेचा चेंडू त्याला हमखास चकवतो.

ही नजर एकदा आली, की खरा सामना पाहण्याची गोडीही वाढते. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राची ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा यांनी मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. असे सामने पाहताना मुलांना सांगा: चेंडू तर सगळेच पाहतात, फटका मारून झाल्यावर खेळाडूचे पाय कुठे जातात, ते बघ.