कात्री तीच, मग सेंट्रोमिअर वाचतं कसं?

मायोसिसच्या अवस्था तुम्हाला पाठ असतीलच. लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकीटीन... नेटसाठी घोकाव्याच लागतात. पण त्या घोकण्यात एक साधा प्रश्न राहून जातो. पहिल्या विभाजनात आईकडचं आणि वडिलांकडचं गुणसूत्र वेगळं होतं, पण प्रत्येकातल्या सिस्टर क्रोमॅटिड मात्र एकत्रच राहतात. का?

या क्रोमॅटिडना कोहेसिन नावाच्या प्रथिनाची कडी बांधून ठेवते. मायोसिसमध्ये तिच्यात रेक८ हा खास घटक असतो आणि सेपरेज हे एन्झाइम तो कापतं. पहिल्या विभाजनात भुजांवरचा रेक८ कापला जातो, सेंट्रोमिअरजवळचा वाचतो. कात्री तीच, रेक८ही तोच. म्हणजे तिथे कुणीतरी राखणदार हवा.

तो शोधण्याची युक्ती बघा, मला ती फार आवडते. जपानमध्ये योशिनोरी वातानाबे यांच्या गटाने फिशन यीस्ट घेतलं. राखणदार आणि रेक८ दोघांनाही साध्या मायटोसिसमध्ये आणून सोडलं तर काय होईल? कडी कापली जाणार नाही, क्रोमॅटिड अडकून बसतील, पेशीचं काही खरं नाही. म्हणून त्यांनी रेक८ सोबत असतानाच घातक ठरणारं जनुक शोधलं. २००४ मध्ये जाहीर झालेल्या या प्रथिनाचं नाव शुगोशिन, जपानीत रक्षक देवता. (आपल्याकडे सापडलं असतं तर 'क्षेत्रपाल' झालं असतं!) फळमाशीतला त्याचा भाऊबंद त्याआधीच माहीत होता, पण तो राखतो कशाला हे या प्रयोगाने नेमकं दाखवलं.

शुगोशिन एकटा लढत नाही. तो पीपी२ए या फॉस्फटेजला सेंट्रोमिअरपाशी आणतो, हे २००६ मध्ये कळलं. रेक८वर फॉस्फेट असेल तरच सेपरेज तो नीट कापू शकतं. पीपी२ए तो फॉस्फेट काढून टाकतं.

आता माणसाकडे या. स्त्रीच्या अंडपेशींत मायोसिस तिच्या जन्माआधीच सुरू होऊन थांबतो. उंदरांवरच्या प्रयोगांत नंतर नवी कडी बसताना दिसलेली नाही आणि वयाबरोबर कोहेसिन व शुगोशिन दोन्ही घटतात. चाळिशीतल्या अंडपेशीत २१वं गुणसूत्र जास्तीचं येण्याचा, म्हणजे डाउन सिंड्रोमचा धोका वाढतो, त्यामागे हे एक मोठं कारण मानलं जातं. त्यात आईचा काहीही दोष नसतो, हे नातेवाइकांना सांगायला विसरू नका.

मुलाखतीसाठी एक प्रश्न: यीस्टमधून शुगोशिन काढला तर समान वाटणी कुठल्या विभाजनात बिघडेल? घाईत 'पहिल्या' म्हणाल. पण भुजांवरच्या कड्या तिथे आपलं काम करतातच. घोळ दिसतो तो दुसऱ्यात.