तुरुंगापेक्षा उपचार बरा
पोर्तुगालमध्ये २००१ पासून दहा दिवस पुरेल इतका अमली पदार्थ स्वतःसाठी बाळगणे फौजदारी गुन्हा नाही. विक्री मात्र गुन्हाच आहे. सापडलेल्या माणसाला समितीपुढे नेऊन उपचाराकडे वळवतात. सोबत उपचाराची सोय वाढवली, म्हणून सुईतून होणारी एचआयव्हीची लागण खूप घटली. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याने २०२१ मध्ये शिक्षा काढली, पण उपचाराची सोय उशिरा झाली. २०२४ मध्ये तो पुन्हा गुन्हा ठरला.

आपल्याकडे सेवन गुन्हा आहे. तरी एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचार पूर्ण करणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण मिळते. मुलगा व्यसनात अडकला असेल तर लाजेपोटी लपवू नका. १४४४६ या मोफत क्रमांकावर फोन करा.