दाराचं वार्निश दोन पावसाळ्यांत का उलतं?

घर बांधताना दर्शनी दारासाठी आपण हात सैल सोडतो. अख्खं सागवान परवडत नाही, म्हणून टीक प्लायचं दार आणतो आणि वर चकचकीत वार्निशचे चार हात मारतो. वास्तुशांतीला दारात तोंड दिसतं. दुसरा पावसाळा सरला की त्याच दाराला पोपडे, खाली काळे डाग. मग सुताराशी भांडण!

टीक प्लाय म्हणजे प्लायवूडवर चिकटवलेला सागाचा पातळ पापुद्रा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. लाकूड ओलावा पिऊन फुगतं, सुकलं की आकसतं. शहापूर-मुरबाडला सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस. चार महिने भिंतीसुद्धा ओल्या. वैशाखात तेच दार उन्हात तापतं. खाली लाकूड हलत राहतं, वरचा वार्निशचा थर मात्र दिवसेंदिवस ताठर होतो. ताण पडला की उलतो.

दुसरा शत्रू ऊन. वार्निश पारदर्शक, त्यामुळे ऊन आरपार जातं आणि लाकडाचे तंतू बांधून ठेवणारा लिग्निन हा पदार्थ मोडतं. ज्यावर वार्निशची पकड, तेच सैल झालं! जाड थर तर उलट लवकर तडकतो. ऑइलपेंटमधला रंग ऊन अडवतो. दिसायला साधा, पण उन्हातल्या दाराला तोच बरा.

खरी गोम खालच्या कडेला असते. दार बसवल्यावर वार्निश मारतात, म्हणून खालची-वरची कड कोरीच राहते. उंबरा धुताना, पावसाचे शिंतोडे उडताना पाणी तिथूनच चढतं. प्लाय साधा 'एमआर' दर्जाचा असेल तर त्यातला सरसही सुटतो. बाहेरच्या दाराला 'बीडब्ल्यूआर' किंवा 'बीडब्ल्यूपी' शिक्का पाहूनच घ्या. सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी शाळेच्या नव्या दारांचं बिल मंजूर करण्याआधी दाराखाली आरसा धरून कड जरूर बघावी.

वार्निशचं काम होळीनंतरच्या कोरड्या हवेत काढा. हात पातळ मारा, प्रत्येक हात वाळला की पॉलिशपेपर फिरवा. जुनं उललेलं वार्निश आधी हलक्या हाताने काढा. त्यावरच नवं मारलंत तर दोन्ही मिळून निघेल. टीक प्लायवर रंधा मात्र चालवू नका, पापुद्राच जाईल.

ज्यांच्याकडे आजोबांच्या वेळचं अख्खं सागवानी दार आहे, त्यांनी वार्निशच्या नादी लागू नये. उन्हाळ्यात जवसाचं तेल चोळून पुसून घ्यावं. वर थरच साचत नाही, तर पोपडे कसले निघणार? तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. अंगणात पसरून पुरती वाळवा, मगच टाका.