बोट येईल तेव्हा

मागच्या व्याख्यानात ‘अंतर’ या संकल्पनेवर बोलताना आम्ही दोनतीनदा बोटीचं उदाहरण दिलं. नंतर एका श्रोत्यांनी लिहून विचारलं, की सर, आता बेटाबेटांवर विमानतळ झालेत, मग बोटीनं जाण्याचा हा हट्ट कशाला? म्हातारपणची हौस, दुसरं काय! प्रश्न रास्त आहे. हौस तर आहेच. हौसेपलीकडे काही आहे का, ते आज बघू. आणि एक आधीच सांगून ठेवतो, या हौसेची किंमत आम्ही मोजलेली आहे. तीही सांगू.

उदाहरण ग्रीसचं घेऊ. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा ग्रीस काही सुटत नाही. ग्रीसला लहानमोठी बेटं हजारोंनी आहेत, त्यातली सव्वादोनशेच्या आसपास वस्तीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही आणि आमच्या सौ. असे दोघं मिकोनोस बेटावर होतो आणि तिथून सामोसला जायचं होतं. सामोस म्हणजे पायथागोरसचं गाव, एपिक्युरसचा जन्मही तिथलाच. पण त्यांच्यासाठी नव्हतो चाललो. तिथे आमचे एक स्नेही राहत होते, निवृत्त शिक्षक. फार वर्षांपूर्वी एका परिषदेत ओळख झाली आणि मग पत्रव्यवहार टिकला. ते आजारी होते. त्यांच्याकडे तीन दिवस राहायचं आणि सॉक्रेटिसच्या शेवटच्या दिवसाची हकीगत सांगणारा प्लेटोचा ‘फीडो’ हा संवाद, निदान त्याची सुरुवात, मूळ ग्रीकमधून बरोबर बसून वाचायची असं ठरलं होतं.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. मिकोनोस आणि सामोस, मध्ये इकारिया आणि फूर्नी नावाची बेटं. सरळ पूर्वेला जायचं. पण विमानानं जायचं म्हटलं तर आधी पश्चिमेला अथेन्सला जावं लागत होतं, तिथे थांबायचं, मग दुसऱ्या विमानानं परत त्याच समुद्रावरून सामोस. उड्डाणाचा वेळ सगळा मिळून दोन तासांच्या आत, पण विमानतळावर जाणं, थांबणं, बदलणं धरलं तर पाचसहा तास सहज. बोटीलाही साधारण तेवढेच लागतात! म्हणजे ‘विमानानं वेळ वाचतो’ हे विधान इथे तरी तपासून घ्यावं लागतं.

यात एक गंमत आहे. विमानाचं जाळं चाकाच्या आऱ्यांसारखं असतं, सगळं तुंब्याकडे जातं. बोट सुईदोऱ्यासारखी जाते, एकेक बेट ओवत. विमानाच्या हिशेबात सामोसचा शेजारी अथेन्स आहे. बोटीच्या हिशेबात सामोसचा शेजारी फूर्नी आहे, जो खरोखरच शेजारी आहे. राजधानीशी जोडलं जाणं आणि शेजाऱ्याशी जोडलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे एसटीवर वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

एसटीचं नाव निघालंच आहे तर पुढे नेतो. ज्या बेटांवर माणसं थोडी, तिथे बोट चालवणं धंद्याला परवडत नाही. म्हणून सरकार पैसे देऊन त्या फेऱ्या चालू ठेवतं. ग्रीकमध्ये अशा मार्गाला जो शब्द आहे त्याचा अर्थ होतो ‘नापीक मार्ग’. तोट्यातल्या मार्गावरची वस्तीची गाडीच ती! २०१८ पासून आणखी एक व्यवस्था आली. बेटावर कायम राहणाऱ्या माणसाला समुद्रानं जाताना जो खर्च येतो, तो तेवढ्याच अंतराच्या जमिनीवरच्या प्रवासाएवढा व्हावा, म्हणून फरकाची रक्कम सरकार परत देतं. समतेचा असा नेमका अर्थ आम्हाला पुस्तकांत फार कमी वेळा दिसला. अंतर निसर्गानं दिलं, त्याचा दंड माणसानं का भरावा, असा तो विचार आहे.

आणि ही बोट नुसती माणसं नेत नाही. तिच्या पोटात ट्रक असतात, भाजीचे, दुधाचे, सिमेंटचे, औषधांचे. बंदर आलं की बोट वळून पाठ धक्क्याला लावते, साखळ्यांचा खडखडाट होतो आणि मागचा लोखंडी दरवाजा खाली येऊन धक्क्यावर टेकतो. पायी उतरणारे आधीच खाली, गाड्यांच्या मजल्यावर येऊन उभे असतात. सामानाच्या मांडण्यांवर बेटांची नावं लिहिलेली असतात. आपली बॅग आपल्या बेटाच्या नावाखाली ठेवायची, नाहीतर ती दुसऱ्याच्या गावी उतरते. पाचदहा मिनिटांत उतरणारे उतरतात, चढणारे चढतात, दरवाजा वर जातो. चार दिवस बोट आली नाही तर लहान बेटावरच्या दुकानांतल्या फळ्या रिकाम्या व्हायला लागतात. विमानानं ही कामं होत नाहीत.

पर्यावरणाचा मुद्दा तुमच्या मनात असेलच. बोट हिरवी, विमान काळं, असं सरसकट म्हणू नये. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानानं वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर शक्ती आठपट, आणि निम्म्या वेळात पोचलो तरी त्याच अंतराला इंधन चौपट. म्हणून पस्तीस-चाळीस नॉट वेगानं धावणाऱ्या जलद बोटीत बसून आपण निसर्गावर उपकार करतोय असं समजू नये. तिचा माणशी हिशेब विमानाच्या जवळ जाऊ शकतो, क्वचित पुढेही. हळू जाणारी, भरलेली, ट्रक घेऊन तसंही जाणारच असलेली बोट, तिचं गणित बरं असतं. म्हणजे पुण्य असलंच तर ते हळू जाण्यात आहे. नुसतं समुद्रावरून जाण्यात नाही.

आता आमची हकीगत.

सकाळी उठलो तर वारा. एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून कोरडे, जोरकस वारे येतात, त्यांना मेल्तेमी म्हणतात. आभाळ निळंशार, ढगाचा ठिपका नाही आणि समुद्र मात्र पांढरा झालेला. प्राचीन काळी यांना ‘वर्षाचे वारे’ म्हणत, दरवर्षी येणारे म्हणून. ॲरिस्टॉटलनं हवामानावरच्या ग्रंथात त्यांची चर्चा केलेली आहे. वारा ठराविक जोराच्या वर गेला की बंदराचे अधिकारी बोटी सोडायला बंदी करतात. आधी लहान आणि जलद बोटी थांबतात, मोठ्या सगळ्यांत शेवटी. त्या दिवशी सगळ्याच थांबल्या. तिकीटघरातल्या बाईंना आम्ही विचारलं, कधी सुटेल? त्यांनी खांदे उडवून वाऱ्याकडे बोट दाखवलं. खरं म्हणजे उत्तर बरोबर होतं.

त्या दोन दिवसांत विमानं उडत होती. डोक्यावरून जाताना दिसत होती. ऐन ऑगस्टात त्यांत जागा मिळणं शक्य नव्हतं. महिनाभर आधी मिळाली असती आणि सौ. तेव्हा तसं म्हणाल्याही होत्या. (त्यांनी त्या दोन दिवसांत याचा उल्लेख केला नाही. त्यापेक्षा केला असता तर बरं!)

मिकोनोसच्या किनाऱ्यावरून समोर डेलोस बेट दिसतं. अपोलोचं जन्मस्थान म्हणून एके काळी अतिशय पवित्र. इतकं, की इसवीसनपूर्व पाचव्या शतकात अथेन्सवाल्यांनी तिथली थडगी उकरून हलवली आणि यापुढे बेटावर कुणी जन्मू नये, कुणी मरू नये असा नियम केला. आजही तिथे विमानतळ नाही, प्रवाशाला रात्री राहता येत नाही. मिकोनोसहून अर्ध्या तासाची बोट, तीही बंद. आम्ही बाकावर बसून डेलोसकडे बघत होतो आणि लक्षात आलं, की ज्याची सुरुवात वाचायला आपण निघालोय ती हीच.

‘फीडो’च्या आरंभी प्रश्न येतो, की सॉक्रेटिसचा खटला संपल्यावर शिक्षा व्हायला इतके दिवस का लागले? उत्तर असं, की दरवर्षी अथेन्सहून एक जहाज डेलोसला जायचं. थीसियसनं ज्या जहाजातून क्रीटला जाऊन चौदा मुलामुलींचे प्राण वाचवले, तेच हे जहाज अशी समजूत होती. ते जाऊन परत येईपर्यंत नगर शुद्ध ठेवायचं, कुणाला देहान्त द्यायचा नाही. आणि त्या वर्षी, इसवीसनपूर्व ३९९ मध्ये, खटल्याच्या आदल्याच दिवशी जहाजाला माळ घातली गेली होती. वारा उलटा असला की जहाज रखडायचं, असंही तिथे म्हटलेलं आहे. झेनोफन सांगतो, सॉक्रेटिसला असे तीस दिवस मिळाले. त्या दिवसांत तो तुरुंगात इसापाच्या गोष्टी पद्यात बांधत होता आणि मित्रांशी बोलत होता.

वर्गात हे आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. विद्यार्थ्यांना सांगायचो, बघा, उशीर ही केवढी देणगी असते! आता त्या बाकावर बसल्यावर दिसलं, की ज्याला उशीर मिळतो त्याला ती देणगी आहे. पण दुसऱ्या बाजूला ज्याचे दिवस मोजके आहेत असा माणूस वाट बघत असेल तर? सामोसच्या खात्यातून आमचा एकेक दिवस वजा होत होता. वारा तोच, समुद्र तोच. कोकणातल्या मंडळींना हे माहीत आहे. पूर्वी पावसाळ्यात मुंबईच्या बोटी बंद व्हायच्या. चार महिने कागदानंच ख्यालीखुशाली, आणि त्यात कुणी गेलं तर गेलं. चालू ठेवल्या तर काय होतं, तेही आपण पाहिलंय. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. ग्रीसमध्येही २६ सप्टेंबर २००० च्या रात्री ‘एक्स्प्रेस सामिना’ पारोस बेटाजवळ वाऱ्यात खडकावर आदळून बुडाली, ऐंशीच्या आसपास बळी गेले. तेव्हा बंदरावरच्या बंदीवर चिडण्यात अर्थ नव्हता. चिडलो मात्र.

तिसऱ्या दिवशी पहाटे बोट सुटली. लाटा होत्याच, सौ.ना बोट लागली, आम्ही वरच्या मजल्यावर वाऱ्यात बसून राहिलो. शेजारी सुटीवर निघालेले दोन तरुण सैनिक, एक काळ्या कपड्यांतल्या आजीबाई, त्यांच्या पायाशी दोरीनं बांधलेलं खोकं. भाषा येत नसताना त्यांनी आम्हाला सुके अंजीर दिले. उजवीडावीकडे सतत कुठलं ना कुठलं बेट दिसत राहतं, एक मागे पडेपर्यंत दुसरं वर येतं. इकारियाजवळ आलो तेव्हा आठवलं, पंख वितळून इकारस पडला तो याच समुद्रात. म्हणजे क्रीटहून निघालेला, विमानातला पहिला प्रवासी! आणि त्या बेटाच्या विमानतळाला नाव त्याचंच दिलंय. ग्रीकांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी, की विमानात बसणाऱ्यांच्या धैर्याला, ते तुम्ही ठरवा.

सामोसला पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचं होतं. तीन दिवसांची एक दुपार झाली. स्नेही खूप खंगले होते, उशांना टेकून बसले होते. तासाभरात थकतील असं त्यांच्या मुलीनं दारातच सांगितलं. विमानानं गेलो असतो तर तीन दिवस मिळाले असते, हे आम्हाला कबूल आहे, त्याचं समर्थन करणार नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

पुस्तक पिशवीतून काढून आम्ही मांडीवर ठेवलं होतं. त्यांनी ते उघडू दिलं नाही. वर्षभर त्यांना बंदरापर्यंत उतरता आलं नव्हतं. त्यांनी विचारलं, कुठली बोट होती? फूर्नीला थांबली का? आम्ही म्हटलं, थांबली. धक्क्यावर कोण होतं? आम्ही आठवून सांगायला लागलो, एक पाद्री होते, सायकली घेतलेली पोरं होती, टरबुजांचा एक ट्रक उतरला. टरबुजांचा? म्हणाले. मग हिरवा असेल तो, माझ्या विद्यार्थ्याचा आहे. सौ. म्हणाल्या, हो, हिरवाच होता. आणि तास संपेपर्यंत ते एकेका बंदराचं विचारत राहिले.